सिंहगड ते पर्वती, 435 मेगाहर्ट्झवर: जागा कशी नोंदवायची?

डिसेंबरातल्या एका बुधवारी आम्ही दोघं मित्र हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संपर्काचा, सिग्नल मोजायला निघालो. मी सिंहगडावर, तो पर्वतीच्या टेकडीवर. दोघांकडे हातात धरून एका दिशेला रोखायचा यागी अँटेना आणि 435 मेगाहर्ट्झवर चालणारा सेट. मोकळ्या हवेत सिग्नल किती क्षीण होतो याचं सूत्र पुस्तकात असतंच, आम्हाला ते डोळ्यांसमोरच्या दरीवर ताडून बघायचं होतं. त्या सूत्रात अंतर घालावं लागतं आणि अंतर काढायचं तर दोन्ही टोकांची जागा नेमकी ठाऊक हवी. आमची पहिली फेरी याच ठिकाणी फसली.

पहिल्या खेपेला मी जीपीएसवरचा आकडा वहीत उतरवला: 18 21.96, 73 45.30. हे अंश आणि दशांश मिनिटं होती, हॅम रेडिओवर जागा कळवायच्या एपीआरएस पद्धतीत चालतात तशी. घाईत मी अंशाचं आणि मिनिटाचं चिन्ह लिहिलंच नाही. घरी गणित करताना मित्राने ते 18.2196 आणि 73.4530 असे दशांश अंश समजून भरले. अंतर आलं 52 किलोमीटर. नकाशावर तो बिंदू टाकला तर तो रायगडाजवळ पडला! खरी जागा होती 18.366, 73.755, आणि पर्वतीपर्यंतचं खरं अंतर साडेसतरा किलोमीटर. चूक इतकी मोठी होती म्हणून सापडली. दोन-तीन किलोमीटरची असती तर आम्ही ती हवामानावर नाहीतर केबलवर ढकलली असती, आणि ती वही आजही चुकीचीच राहिली असती.

दुसऱ्या फेरीच्या आधी म्हणूनच जागा सांगायची पद्धत ठरवायला बसलो. हॅम मंडळी सहसा ग्रिड सांगतात, म्हणजे मेडनहेड लोकेटर. इंग्लंडमधल्या मेडनहेड गावी 1980 साली व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारता) व्यवस्थापकांच्या बैठकीत ही पद्धत ठरली. त्याआधी युरोपात जी पद्धत चालायची, तिच्यातली अक्षरं युरोपाबाहेर पुन्हा पुन्हा यायची, त्यामुळे जगभर ती चालत नव्हती. मेडनहेडमध्ये दोन अक्षरं, दोन आकडे, पुन्हा दोन अक्षरं असं करत चौकट लहान लहान होत जाते.

चार चिन्हांचा चौकोन 2 अंश रुंद आणि 1 अंश उंच असतो. पृथ्वीवर असे 32,400 चौकोन आहेत आणि 15 बिटांत 32,768 आकडे मावतात. डब्ल्यूएसपीआर किंवा एफटी8 सारख्या संगणकावरून चालणाऱ्या पद्धतींच्या चिमुकल्या संदेशांत ग्रिड बसतं ते म्हणूनच. मला या रचनेचं खरोखर कौतुक वाटतं. पण आपल्याकडे बघा: शनिवारवाडा आणि सीएसएमटी दोन्ही एमके68 मध्येच येतात. मुंबईत तर 19 अंशाची रेषा करी रोड आणि परळ स्टेशनांच्या मधून जाते, म्हणजे एक स्टेशन ओलांडलं की एमके69. हजारो किलोमीटरच्या एचएफ (लघुलहरी) संपर्काला हे पुरतं, पुणे-मुंबई प्रयोगाला अजिबात नाही.

सहा चिन्हांची चौकट आपल्या अक्षांशावर साधारण 8.8 बाय 4.6 किलोमीटरची. सिंहगड एमके68व्हीआय, पर्वती एमके68डब्ल्यूएल. चौकटींच्या मध्यांमधलं अंतर येतं 16.4 किलोमीटर आणि दिशा 32 अंश, म्हणजे खऱ्याच्या जवळच. पण हा निव्वळ योगायोग. गडावर मी उभा होतो तिथून व्हीआय आणि यूआय यांची हद्द, 73 अंश 45 मिनिटांची रेषा, जेमतेम पाचशे मीटर पश्चिमेला आहे. तेवढं सरकलं की तेच गणित 22.4 किलोमीटर आणि 52 अंश दाखवतं. सूत्रात याचा फरक 2.7 डेसिबल (सिग्नलची घट मोजायचं एकक) पडतो. आम्ही जो परिणाम शोधत होतो तोच मुळी दोन-तीन डेसिबलचा होता! आठ चिन्हांवर गेलं, म्हणजे एमके68व्हीआय07 आणि एमके68डब्ल्यूएल19, की चौकट 880 बाय 460 मीटरवर येते आणि जीव भांड्यात पडतो.

भारतीय टपाल खात्याचं डिजिपिनही आम्ही विचारात घेतलं. दहा चिन्हांत चार बाय चार मीटरची चौकट, उत्तम आहे. पण त्यातली सी, पी आणि टी ही अक्षरं गोंगाटात एकसारखी ऐकू येतात, आणि त्याची जाळी भारत आणि आसपासच्या भागापुरती आहे. श्रीलंकेपलीकडचं स्टेशन लागलं तर त्याला त्याचा उपयोग काय?

शेवटी ठरलं ते असं. वहीत मूळ नोंद नेहमी दशांश अंशांत, पाच स्थळांपर्यंत, शेजारी डब्ल्यूजीएस84 (जीपीएस वापरतं ती अक्षांश-रेखांशांची प्रणाली) असं लिहून. ग्रिड त्यावरून काढायचं, ग्रिडवरून अंश कधीच नाही. हवेवर सहा चिन्हं सांगायची, तीही माइक, किलो, सहा, आठ, व्हिक्टर, इंडिया अशी. पन्नास किलोमीटरच्या आतलं मोजमाप असेल तर आठ. जागा हलली, अगदी चहाच्या टपरीपासून कड्यापर्यंत, तर नवी ओळ.

तुम्ही जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, घाटात गाड्यांची रांग लागते. स्वारगेटकडून पीएमपीने पायथ्याच्या आतकरवाडीला उतरून चढणंही चांगलं, फक्त बॅटरी पाठीवर घ्यावी लागते. गडावर दूरदर्शनचा मनोरा आहे. त्याच्या जवळ उभं राहिलात तर रिसीव्हर बधिर होतो, आम्हाला पहिला अर्धा तास काहीच ऐकू येईना. मनोऱ्यापासून लांब, पुण्याकडच्या कड्याजवळ जा आणि शक्य असेल तर बँडपास फिल्टर, म्हणजे हव्या तेवढ्याच वारंवारता आत सोडणारी चाळणी, न्या. जीपीएसला मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटं द्या, आकडा स्थिरावल्यावरच लिहा. लायसन्सची प्रत खिशात ठेवा. अँटेना बघून लोक विचारतात, आणि नीट सांगितलं की आवडीने ऐकतात. पिठलं-भाकरी विकणाऱ्या मावशींनी तर हेडफोन लावून पर्वतीवरच्या मित्राचा आवाज ऐकला.

दुसऱ्या फेरीत साडेसतरा किलोमीटरला सूत्र 110 डेसिबल सांगत होतं. आमचं मोजमाप त्याच्या दोन डेसिबल आत आलं. आता पुढचा बेत कळसूबाईचा आहे. तिथलं ग्रिड एमके69यूओ, सिंहगडापासून सुमारे 137 किलोमीटर, दिशा जवळपास थेट उत्तर. एवढ्या लांबीवर सहा चिन्हांनी पडणारी एक-दोन किलोमीटरची चूक सूत्रात जाणवणारही नाही, तरी वहीत पाच दशांश स्थळं असतीलच.