पंधरा पाऊणे सव्वाअकरा

सूर्य बुडाला की टाळ्या वाजवायच्या ही पद्धत कोकणात ज्याने कुणी आणली, त्याला एकदा भेटायचंय मला. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी गुहागरच्या किनाऱ्यावर त्या वाजल्या. दोघातिघांनी शिट्ट्याही मारल्या. मग नाटक सुटल्यासारखी माणसं कपडे झटकत उठली आणि सुरूच्या बनातून पार्किंगकडे चालू लागली. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, म्हणून पुढचं सगळं बघायला मिळालं.

प्रवासाचं फार काही सांगत नाही. पुण्याहून कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. घाटात ट्रकमागे रांगत गेलो, चिपळुणात जेवलो, एवढंच. उतरलो एका आजी-आजोबांच्या घरी. ते दोघं स्वतःला काका-काकू म्हणवून घेतात, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. खाट कडक, न्हाणीघर मागच्या अंगणापलीकडे, बंबातलं पाणी मात्र असं कडकडीत की अंग भाजावं. रात्रीचं जेवण आठला म्हणजे आठला, आणि काय जेवणार ते दुपारीच सांगायचं. मला हे आवडतं. रिसॉर्टमध्ये चोवीस तास सगळं मिळतं आणि कशालाच चव नसते.

दुपारी चहा घेताना नवऱ्याने कॅमेऱ्याची बॅग उघडली. काकांनी लेन्स लांबूनच न्याहाळली.

"सूर्याचे फोटो काय? काढा. पण तो काय, रोज बुडतो. आज पाणी बघा."

"पाण्याचं काय आज?"

"आज पुनव ना? पंधरा पाऊणे सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराच्या पुढे भरती पूर्ण झाली असणार. त्यात सहा तास मिळवा. दिवस बुडायच्या वेळेला समुद्र पार आत गेलेला."

मग त्यांनी हिशेब नीट समजावला. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, ते धरून चालायचं. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यावर हे सगळं उभं आहे. लहानपणी पावकी-निमकीबरोबर पाऊणकी पाठ करायला लावायचे, त्याचा उपयोग मला चाळिशी उलटल्यावर, गुहागरच्या ओटीवर कळला.

फोटो काढणाऱ्यांना यातून काय मिळतं तेही सांगते. अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताला भरती असते. तीही भांगाची, म्हणजे धड उधाण नाही की धड ओहोटी नाही. पाणी वर कोरड्या वाळूपर्यंत आलेलं, मध्ये ओली वाळू जेमतेम. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पण ते दुपारी आणि मध्यरात्री. म्हणजे सूर्यास्ताला नेमकी मोठी ओहोटी. लाट मागे सरते आणि वाळूवर पाण्याचा इतका पातळ थर ठेवून जाते की त्यात आख्खं आकाश उतरतं. सूर्यास्ताची वेळ मोबाईलवर सगळेच बघून येतात, तिथी कुणी बघत नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय खिळ्याला टांगलेलंच आहे म्हणा.

साडेपाचला गेलो. समुद्र खरंच लांब गेला होता. गुहागरचा किनारा सरळसोट, मैलोगणती मोकळा, मागे सुरू आणि त्यामागे माडांच्या वाड्या. माणसं मात्र सगळी त्या एकाच टप्प्यात, जिथे गाडीतून उतरून पाय ठेवता येतो. कुणीतरी स्पीकर आणलेला. ओल्या वाळूत एक चारचाकी गुरगुरत फेऱ्या मारत होती आणि आरशासारख्या वाळूवर टायरचे चट्टे उठवत होती. एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. त्यांचा फोटोग्राफर माझ्याकडे आला, "ताई, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." एवढा मोठा किनारा, आणि मी बाजूला व्हायचं! झाले. दक्षिणेकडे पाच-दहा मिनिटं चालत गेलो तर चिटपाखरू नव्हतं, म्हणजे त्याचे उपकारच झाले.

नोव्हेंबरात सूर्य अगदी समोर बुडत नाही, डावीकडे, नैर्ऋत्येला सरकलेला असतो. खाली येता येता चपटा झाला. क्षितिजाजवळची हवा प्रकाश वाकवते आणि खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलून दाखवते, म्हणून तो दबल्यासारखा दिसतो. त्याची खालची कड पाण्याला टेकलेली आपण बघतो, तेव्हा खरा सूर्य क्षितिजाखाली गेलेलाही असतो. म्हणजे शेवटची दोन-सव्वादोन मिनिटं सगळा किनारा श्वास रोखून जे बघतो, ते नुसतं हवेने वर उचलून धरलेलं चित्र. टाळ्या पडल्या त्या हवेला, असं म्हणायला हरकत नाही.

त्या दोन मिनिटांतले माझे फोटो सगळ्यांचे असतात तसेच. सूर्य इवलासा, कारण त्याची रुंदी आकाशात जेमतेम अर्धा अंश आणि मोबाईलची भिंग सगळा प्रदेश कवेत घेणारी. त्यात मोबाईलला अंधार सोसत नाही, तो आपणहून चित्र उजळतो आणि केशरी रंगाचं पिवळट पाणी करून टाकतो. आकाशावर बोट ठेवून उजेड खाली ओढला की निम्मा रंग परत येतो. नवरा तिकडे लांब लेन्स लावून गंभीर चेहऱ्याने उभा होता, त्याच्याशी बोलायची सोय नव्हती.

मग टाळ्या, मग पांगापांग. चारचाकी गेली, स्पीकर गेला. पश्चिम जरा मलूल झाली, आटोपलं असं वाटण्याइतकी. आणि बऱ्याच वेळाने, पंधरा मिनिटं तरी झाली असतील, वर उंचावर पिंजलेले जे पांढरे ढग होते ते खालून पेटायला लागले. आधी कडा, मग पोट. सूर्य खाली गेलेला, पण त्याचा उजेड अजून त्या उंचीवर पोचत होता, आणि एवढी हवा तिरकी कापून येईतो त्यातला निळा कुठल्या कुठे विखुरलेला, लाल तेवढा उरलेला. तो लाल सगळा पायाखाली! मी मोबाईल वाळूला टेकवण्याइतका खाली धरला, गुडघे भिजले, साडी नव्हती हे बरं. चित्रात क्षितिजाची रेघ नसती तर वर कुठलं आणि खाली कुठलं ते सांगता आलं नसतं. कुणीतरी अनवाणी, खांद्यावर जाळं टाकून, त्या लालातून सावकाश चालत गेला. त्याने मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मी त्याचा पाठमोरा फोटो काढला आणि त्या दिवसाचा तोच ठेवलाय.

एवढ्यात नवरा म्हणाला, "मागे बघ." सुरूच्या शेंड्यांवर चंद्र आला होता. पौर्णिमेला सूर्य मावळायला आणि चंद्र उगवायला एकच गाठ पडते हे शाळेत शिकले होते, पण एकाच जागी उभं राहून दोन्हीकडे वळून बघायला पश्चिमेचा किनाराच हवा. पार्किंगमध्ये गाड्या एकमेकींना हॉर्न मारत होत्या. बरं झालं.

आठला पाच मिनिटं कमी असताना घरी पोचलो. काकू दारातच. "अगो, तिन्हीसांजेची वाळूत बसलीस, गार होईल ना! पाय धू आधी." देवळात त्रिपूर लावून त्याही नुकत्याच आल्या होत्या. जेवणात आमसुलाचं सार, केळफुलाची भाजी, उकडीचे मोदक. नारळ इतका की पुण्यात आठवडाभर पुरवला असता. काकांनी फोटो बघितले, चष्मा वर करून, मोबाईल लांब धरून. "पाणी चांगलं आलंय," म्हणाले. सूर्याबद्दल अवाक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे एक पाऊणे पाऊण. त्या हिशेबाने हेदवीला बामणघळीपाशी साडेबाराला हजर झालो. काळ्या कातळातली अरुंद चीर, भरतीचं पाणी आत घुसतं आणि जागा न मिळाल्याने सरळ वर उसळतं. ओल्या कातळावरून पाय सटकतो, कडेला जाऊ नका. आम्ही चांगले लांब उभे होतो तरी चष्म्यावर खारट थेंब आले. ऊन डोक्यावर, फोटोच्या दृष्टीने अगदी भिकार वेळ. तेवढ्यात एका गाडीतून पाच-सहा जण उतरले, हातात ट्रायपॉड. "इथला सनसेट भारी असतो म्हणे?" मी म्हटलं, आत्ताच बघून घ्या, संध्याकाळी ओहोटी असेल, घळ गप्प पडलेली असेल. ते हो हो म्हणाले, आणि जवळपास जेवायला कुठे मिळेल ते विचारून निघून गेले.