‘सगळं नेटवर आहे, मग पदवी कशाला?’ – तुम्ही विचारलंत म्हणून

प्रश्न दर वेळी वेगळ्या तोंडून येतो, पण असतो तोच. कॉम्प्युटर सायन्स शिकायला विद्यापीठात जायची खरंच गरज होती का? सगळं तर इंटरनेटवर फुकट आहे. हल्ली त्याला पुढचा प्रश्नही जोडून येतो: आता एआयच कोड लिहितं, मग शिकायचं तरी काय?

आजवर मी याची तुटक उत्तरं देत आले. घाईत असणाऱ्याला ‘हो’ म्हणून मोकळी झाले, रडवेल्या झालेल्या मुलीला ‘तुझं तू ठरव’ म्हणाले. दोन्ही उत्तरांनी माझंच समाधान झालं नाही. म्हणून एकदा सविस्तर सांगते.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. रोजच्या कामातलं बरंचसं मी वर्गाबाहेर शिकले. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट मला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला, वर्षानुवर्षं साचत गेलेला कोड कसा वाचायचा, त्यातली गडबड कशी शोधायची, हेही नाही. परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर पेनाने लिहायचा आणि तो चालतो की नाही हे कुणी चालवून बघायचं नाही. प्रॅक्टिकलच्या वह्या एकमेकांच्या बघून भरल्या जायच्या आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्ही यावर बोट ठेवता तेव्हा मी वाद घालत नाही.

पण तुम्ही तिथेच थांबता, आणि मला जे सांगायचं असतं ते त्याच्या पुढे सुरू होतं.

डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात बायनरी सर्च लिहायला आला होता. क्रमाने लावलेल्या नोंदींच्या ओळीत, म्हणजे अ‍ॅरेत मधली किंमत बघायची, हवी ती लहान असेल तर उजवा भाग सोडायचा, मोठी असेल तर डावा, आणि असं अर्धं अर्धं करत जायचं. मधली जागा काढण्याचं पुस्तकातलं सूत्र होतं (लो + हाय) / २; लो म्हणजे शोधायच्या भागाची पहिली जागा, हाय म्हणजे शेवटची. मी लिहिलं लो + (हाय − लो) / २. गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकच. मात्र त्याच सत्रात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनच्या तासाला आम्ही शिकलो होतो की ३२ बिटांच्या, म्हणजे शून्य-एकांच्या ३२ घरांत बसणाऱ्या, चिन्हासहित पूर्णांकात सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७ मावते. अ‍ॅरे पुरेसा मोठा असेल, म्हणजे साधारण १०७ कोटींहून जास्त नोंदींचा, तर लो आणि हाय दोन्ही त्या मर्यादेत असतात, पण त्यांची बेरीज मर्यादेबाहेर जाऊ शकते. माझ्या सूत्रात लो आणि हायची ती बेरीजच नव्हती. वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या शिक्षकांनी शिकवलेल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना येऊन भिडल्या होत्या. पेपर लिहिताना झालेला तो आनंद मला अजून आठवतो.

त्या उत्तराचे गुण कापले गेले. शेरा होता, ‘सूत्र चुकीचे’.

मी फेरतपासणीला अर्ज केला. काही झालं नाही. मग परीक्षकांना भेटले. जाताना कागदावर सिद्धता लिहून नेली होती: शोधायची किंमत अ‍ॅरेत असेलच तर ती लो आणि हाय यांच्या दरम्यानच असते, लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या त्या पायऱ्यांच्या, प्रत्येक फेरीनंतर हे विधान खरंच राहतं, आणि मधलं अंतर दर फेरीला घटतं, म्हणून लूप थांबतो. सोबत एक छापील लेखही नेला होता. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीरपणे लिहिलं होतं की त्यांनी स्वतः लिहिलेल्या, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संचातल्या) बायनरी सर्चमध्ये बेरीज मर्यादेबाहेर जाण्याचा नेमका हाच दोष सुमारे नऊ वर्षं पडून होता. परीक्षकांनी लेख वाचला नाही. म्हणाले, ‘हे जावाचं आहे, आपल्याकडे अभ्यासक्रमात सी आहे.’ मी सांगू पाहिलं की सीमध्ये हे जास्त घातक आहे, कारण चिन्हासहित पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर काय व्हावं हे त्या भाषेचं प्रमाण ठरवूनच देत नाही. त्यावर ते म्हणाले, ‘प्रश्नात अ‍ॅरे दहा आकड्यांचा होता. दहा आकड्यांना काय फरक पडतो? आणि नमुना उत्तरात जे आहे त्यालाच गुण देता येतात.’

दहा आकड्यांना काही फरक पडत नाही, हे खरंच. त्यांच्यासमोर उत्तरपत्रिकांचा केवढा ढीग होता, तेही मी पाहिलं होतं. पण फरक पडत नसेल तर माझं सूत्रही बरोबरच होतं, मग चुकीचा शेरा कशासाठी? हे मी विचारलं आणि माझा आवाज चढला. मला बाहेर जायला सांगितलं गेलं. त्या विषयातली माझी श्रेणी खाली आली आणि ज्यांच्या हाताखाली मला शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा होता, त्यांच्या गुणांच्या अटीत मी बसले नाही. प्रकल्प दुसरीकडे झाला, अशा विषयावर जो मला कधीच आवडला नाही. इतकी वर्षं झाली, पण तो राग गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग झालं की, हेच तर आम्ही म्हणतोय. थांबा जरा.

त्याच आठवड्यात थिअरी ऑफ कम्प्युटेशन, म्हणजे यंत्राला काय सोडवता येतं आणि काय नाही याचा विषय, शिकवणाऱ्या सरांच्या कानावर हे गेलं. त्यांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, धीर देतील, किंवा कुणाकडे तरी शब्द टाकतील. त्यांनी माझा कागद शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, ‘तुझं सूत्र कुठे मोडतं?’ मी म्हटलं, मोडत नाही. ते म्हणाले, ‘अ‍ॅरे सोड. संख्यांच्या एखाद्या पट्ट्यात उत्तर शोधायचंय आणि लो खूप मोठी ऋण संख्या आहे. आता हाय − लो किती?’ ती वजाबाकी मर्यादेबाहेर जाऊ शकते. अ‍ॅरेचे निर्देशांक, म्हणजे जागांचे क्रमांक, कधी ऋण नसतात म्हणून माझं सूत्र तिथे सुरक्षित होतं, आणि ही अट माझ्या सिद्धतेत कुठेच लिहिलेली नव्हती. मग त्यांनी लेखातला एक परिच्छेद मला पुन्हा वाचायला लावला. दोष असलेली ती पद्धत एका नावाजलेल्या पुस्तकात सिद्धतेसकट छापलेली होती. सिद्धता तर्काने पक्की होती, पण तिच्यातले पूर्णांक कितीही मोठे होऊ शकत होते. यंत्रातले होत नाहीत.

गुणांबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मी नाराज होऊनच बाहेर पडले. पण तेव्हापासून आजतागायत कुणाचाही कोड बघताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच: हे कशाच्या भरवशावर बरोबर आहे? तो भरवसा कुठे लिहून ठेवलाय का?

एआयबद्दल विचारता ना, त्याचं उत्तर मला इथेच दिसतं. एआयने लिहिलेला कोड मी रोज वाचते. बऱ्याचदा तो चांगला असतो. पण दहा आकड्यांवर बरोबर आणि सगळ्या शक्यतांवर बरोबर यांतलं अंतर त्याने मिटत नाही. १९३६ साली गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी सिद्ध केलं की कुठलाही प्रोग्रॅम, कुठल्याही इनपुटवर थांबेल की नाही, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही. माझ्याकडेही तशी रीत नाही. म्हणून प्रत्येक कोडापाशी थांबून, याच्या अटी कोणत्या, हे नव्याने शोधावं लागतं. ती सवय मला विद्यापीठात लागली. ज्या इमारतीत माझे गुण कापले गेले, त्याच इमारतीत.

त्या काळातली मी हे मान्य करणार नाही. ती धाकट्या वर्गातल्या मुलांना सांगत फिरायची की पदवी म्हणजे नोकरीच्या दारावर दाखवायचा कागद, बाकी सगळं स्वतः शिका. ती आज समोर आली तर म्हणेल, ‘तुला एक माणूस भेटला. त्याचं श्रेय संस्थेला का देतेस? आणि तो भेटला नसता तर?’ मी म्हणेन, त्याला तिथे शिकवायला ठेवलं होतं ते संस्थेनेच, आणि कुठल्याही कंपनीला उद्या विकता येणार नाही असा विषय वर्षानुवर्षं शिकवू दिला तोही संस्थेनेच. त्यावर ती म्हणेल, ‘परीक्षकांनाही संस्थेनेच ठेवलं होतं.’ इथे मी अडते. दर वेळी इथेच अडते.

शिवाय त्याच वर्गात, त्याच सरांपुढे बसलेल्या कितीतरी जणांना त्या विषयाची नुसती धास्ती होती. परीक्षा झाली आणि वह्या रद्दीत गेल्या. आणि सध्या माझ्या कोडमधल्या सगळ्यांत नेमक्या त्रुटी जी काढते, त्या सहकारी मुलीने कॉम्प्युटर सायन्सचा एकही तास वर्गात बसून केलेला नाही. हे कुठे शिकलीस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, दुसऱ्यांनी सोडून दिलेले बिघाड दुरुस्त करता करता. म्हणजे दुसरी वाट आहे, आणि तिच्यावरून येणारी माणसं आमच्याहून कमी नाहीत. विद्यापीठात गेले नसते तर ती वाट मला सापडली असती का, याचं उत्तर मी तुम्हाला कधी ‘हो’ असं दिलं, कधी ‘नाही’ असं. दोन्ही वेळा ते मला मनापासूनच वाटत होतं.