वैरण घालण्यापुरती थांबलेली ओवी

शुक्रवार, रात्री

जात्यावरची ओवी हळुवार असते असं सगळे म्हणतात, मीही म्हणत आले. पण आज हेडफोन लावून सलग ऐकत बसले तेव्हा वाटलं, या हळुवारपणात मायेइतकाच दगडाच्या वजनाचाही वाटा आहे. जातं त्याच्या गतीनं फिरतं. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात घालायचे मूठभर दाणे, जास्त घातली तर पीठ भरड पडतं, नेटानं फिरवलं तर दंड भरून येतात. मग गाणंही त्याच गतीनं जातं, त्याला दुसरा इलाज नाही.

आज ऐकलं त्यात गाणं सुरू होण्याआधी बराच वेळ नुसती घरघर आहे. नीट कान दिला तर ही घरघर एकसारखी नसते, प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा बदलते. खुंटा आपल्याकडे ओढला की आवाज भरतो, पलीकडे लोटला की जरा सैल पडतो. बाईचा जोरकस शब्द त्या ओढण्यावर येतो. तो शब्द अर्थानं महत्त्वाचा असेलच असं काही नाही. कधी नुसतं ‘गं’ असतं, कधी ‘बाई’. छापलेल्या ओवीत हे ‘गं बाई’ बरेचसे गळून जातात आणि दोन ओळींची नीटनेटकी कविता उरते. गाताना ती दोन ओळींत मावतच नाही. अर्धी ओळ म्हणायची, थांबायचं, तीच पुन्हा घ्यायची, मध्ये ‘सये’ घालायचं, मग पुढचा तुकडा. पहिली ओळ कानात मुरेपर्यंत दुसरी येत नाही.

सूर म्हणाल तर चार-पाच. वर चढून टाळी घ्यायची भानगड नाही. आवाज छातीतला, थोडा घोगरा, शेवटचं अक्षर लांबवताना किंचित थरथरणारा. मला आधी तो गहिवर वाटला. मग फेऱ्याशी ताडून पाहिलं, तर थरथर बरोबर खुंट्याच्या हिसक्याबरोबर येते. दुसरी बाई सूर उचलते ती पहिलीशी तंतोतंत जुळत नाही, केसभर खाली राहते. गाण्याच्या क्लासात याला बेसूर म्हणतील. मला त्या दोन आवाजांमधली फट फार आवडते. त्या फटीमुळेच कळतं की दोघी समोरासमोर बसल्यात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात आहेत.

आणि वैरण! हे तर मी मागेपुढे करून कितीदा तरी ऐकलं. ओवी मध्येच थांबते. तोवर दगडाचा आवाज चढा, कोरडा होत गेलेला असतो, कारण पोटातलं धान्य संपत आलेलं. मग जात्याच्या तोंडात मूठभर दाणे पडतात, बारीक सळसळ होते आणि घरघर एकदम खाली उतरते, मऊ होते. ओवी पुन्हा सुरू होते ती या नव्या घरघरीला धरून, निदान मला तरी तसं ऐकू आलं. चालू मैफलीत कुणी तंबोराच जरा उतरवून घ्यावा तसं.

मी स्वतः दळलंय ते फक्त लग्नघरात, जात्याला हळकुंड-सुपारी बांधून सवाष्णींनी हात लावायचा, तेवढंच. त्यातही खुंटा आठवतो, कित्येक तळहातांनी गुळगुळीत केलेला. आणि पीठ बोटांना कोमट लागलं होतं. दगडावर दगड घासला की पीठ गरम होणारच, हे ठाऊक असून बोटांना नवल वाटलं. वासही कोरड्या पिठाचा नव्हता, जरा भाजल्यासारखा होता. तिथल्या ओव्या मात्र वेगळ्या. आवाज मोठा, समोर मोबाइल धरलेले, एकमेकींकडे बघून हसणं. छान होतं, पण ते ऐकवायचं गाणं. पहाटेची ओवी कुणाला ऐकवायची नसते. घर झोपलेलं असतं. सासू जागी असली तर असो, घरघरीत शब्द थोडे झाकले जातात. म्हणून तर तीत सगळं येतं: सासुरवास, माहेरची ओढ, बहिणीकडे पाठ फिरवलेला भाऊ. सीतेचा वनवास येतो, पंढरीची वाट येते. दुःख आलं म्हणून चाल बदलत नाही. पूर्वी मला हे चमत्कारिक वाटायचं. आता वाटतं, बदलली असती तर दळण थांबलं असतं.

हे सगळं जुनं तरी किती! चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे तिच्याही दीडशेहून जास्त वर्षं आधी मुसळाच्या घावावर ओवी चालूच होती. पुढे पिठाच्या गिरणीनं दोन-तीन पिढ्यांत जात्याची गरज संपवली. गिरणीवर माझा राग नाही. पहाटे उठून घरभराचं दळण दळणाऱ्या बाईला विचारलं असतं तर तिनंही गिरणीच मागितली असती.

या ध्वनिफिती आज माझ्या कानात आहेत त्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्यामुळे. पुण्यात राहून दोघांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता तो संग्रह ‘परी’कडे, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाकडे आहे. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या ओव्या आहेत, बाबासाहेबांवरच्या. विठ्ठलाच्या जागी भीमराव आले, जातं तेच राहिलं. त्या उद्या सावकाश ऐकायच्या आहेत, घाईत नको.

मघाशी मैत्रिणीनं ओवीचं एक नवं रूप पाठवलं. खाली बासरी, कीबोर्डचा पसारा, आवाजाला भरपूर घुमारा. सगळं स्वच्छ केलंय: श्वास कापलेत, थांबे कापलेत, लय सॉफ्टवेअरनं सरळ केलीय. ऐकायला गोड आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या चालीवर शेरभर जोंधळेही दळून व्हायचे नाहीत. बाई वैरण घालणार कधी?