मँगनीज खाणीच्या जुन्या छायाचित्रांची नोंद करताना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत. तेथे नोकरी केलेल्या एका कुटुंबाने आपल्याकडील छायाचित्रे माझ्या हवाली केली, तेव्हा ती स्कॅन करून कोणते केव्हाचे आणि त्यात कोण आहे याची यादी करून द्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. स्कॅनिंग हा त्यातला सर्वांत सोपा भाग निघाला. अल्बमच्या काळ्या पानांवर खळीने चिकटवलेली छायाचित्रे सोडवू गेल्यास फाटतात, म्हणून अख्खी पानेच स्कॅनरवर ठेवली आणि ६०० डीपीआयच्या (म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके), तपशील न गमावणाऱ्या टिफ फाइल केल्या. कृष्णधवल छायाचित्रेही रंगीत स्कॅन केली, कारण कागदाचा पिवळेपणा आणि कडांना आलेली रुपेरी झाक हादेखील पुरावाच असतो.

काळ ठरवण्यासाठी मुख्य आधार मिळाला तो भिंतींवर आणि फलकांवर रंगवलेल्या अक्षरांचा. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर या ब्रिटिश कंपनीची मालमत्ता घेऊन १९६२ मध्ये मॉईल ही आजची सरकारी खाण कंपनी स्थापन झाली, त्यामुळे जुन्या कंपनीची आद्याक्षरे दिसणारी छायाचित्रे ढोबळमानाने त्याआधीची धरता आली; अर्थात फलक लगेच बदलले जातातच असे नाही, म्हणून नोंदीत ‘सुमारे’ हा शब्द ठेवला. सुट्या छायाचित्रांसाठी अतिनील दिव्याचा उपयोग झाला. छायाचित्रांच्या कागदात चमक आणणारी रसायने १९५० च्या दशकापासून वापरात आली आणि ती या दिव्याखाली निळसर उजळतात. तेव्हा जुने म्हणून दिलेले एखादे छायाचित्र तसे उजळले, तर ती प्रत तरी नंतर काढलेली आहे हे निश्चित होते.

माणसांची ओळख पटवणे मात्र फार कठीण गेले. अल्बममध्ये साहेबांची नावे हुद्द्यांसह लिहिलेली आहेत, यंत्रांचीही आहेत, आणि खनिज निवडणाऱ्या बायांच्या छायाचित्रांखाली फक्त ‘लेबर’ असा शब्द आहे. वास्तविक मालाची प्रत ठरत होती ती त्यांच्याच हातांनी. ढिगासमोर बसून हातोडीने खडा फोडायचा, चांगले खनिज एका बाजूला आणि दगड दुसऱ्या बाजूला टाकायचा, आणि निवडलेल्या मालाचे मोजण्याजोगे चौकोनी चट्टे रचायचे, असे ते काम होते. पांढरी गारगोटी कोणालाही ओळखता येते; पण या भागातला गोंडाइट नावाचा खडक तपकिरी आणि बराच जड असतो, तो खनिजात मिसळू न देणे ही खरी पारख. पाण्याच्या उसळीवर हलके-जड वेगळे करणारी जिग यंत्रे आली, तरी मोठा खडा हातानेच निवडला जाई.

हे मला समजले ते निवृत्त कामगार बायांकडून. एका आजींनी अल्बममधील सर्वांत देखणे छायाचित्र पाहताच ते मुद्दाम बसवून काढल्याचे सांगितले: हातोडी उचललेली आहे, परंतु समोर फोडण्यासाठी खडाच नाही, आणि घमेली कामाच्या वेळी असतात त्याच्या उलट बाजूला मांडलेली आहेत. मी ते छायाचित्र कितीतरी वेळा पाहिले होते. त्यानंतर प्रत्येक नोंदीत ‘प्रत्यक्ष काम’ की ‘मांडणी’ असा वेगळा रकाना केला.

नावे विचारण्याचीही एक पद्धत बसवावी लागली. मूळ छायाचित्रे सोबत न नेता मोठ्या आकाराच्या, क्रमांक घातलेल्या छापील प्रती नेल्या. पारावर सर्वांना एकत्र दाखवल्यास वयाने मोठा माणूस एक नाव घेतो आणि बाकीचे माना डोलावतात, म्हणून घरोघरी जाऊन एकेकट्याला विचारले आणि आधीच्याने काय सांगितले ते पुढच्याला कळू दिले नाही. दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितले तरच ते पक्के धरले, अन्यथा ‘संभाव्य’ असा शेरा दिला. हयात व्यक्तींची संमती मिळाली नाही, तर त्यांची नावे यादीबाहेर ठेवली. काहींनी नकार दिला, आणि त्याचे कारण विचारण्याचा अधिकार मला नव्हता.

हक्कांचा प्रश्न थोडक्यात सांगतो. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, त्यामुळे पाठीमागचा स्टुडिओचा शिक्काही आवर्जून स्कॅन करावा. छायाचित्रकार अज्ञात असलेली छायाचित्रे आम्ही छापण्यासाठी कोणालाही दिलेली नाहीत.

सध्या रंगीत गठ्ठ्याचे काम चालू आहे. त्यात डोंगरी बुजुर्ग येथील, विजेच्या साहाय्याने मँगनीज डायऑक्साइड तयार करणाऱ्या कारखान्याची छायाचित्रे आहेत. बॅटरीसाठी लागणारी ही भुकटी तेथे १९९० च्या दशकापासून तयार होते. गंमत म्हणजे कृष्णधवल छायाचित्रे अजून सुस्पष्ट आहेत आणि ही त्यामानाने अलीकडची असूनही लालसर होऊन विटत चालली आहेत. त्यांतील बहुतेक कामगार तुमसर परिसरातच राहतात, त्यामुळे यावेळी स्कॅनिंग पूर्ण होण्याची वाट न पाहता घरोघरी जाण्यास आधीच सुरुवात केली आहे.