उरालिक खटाटोप: मान्सीचा रकाना भरला एकदाचा

फिनिश आणि हंगेरियन या एकाच उरालिक भाषाकुटुंबातल्या, त्यांच्या सारख्या शब्दांचा मी जो तक्ता करतोय त्यात आता उत्तर मान्सी पण घातलीय, म्हणजे उराल पर्वताच्या पलीकडची, हंगेरियनच्या जवळची भाषा. बराचसा माल उरालोनेटवरून, म्हणजे भाषातज्ज्ञ रेडेईंच्या उरालिक व्युत्पत्तिकोशाचं ऑनलाइन रूप, फुकट आहे फक्त अर्थ जर्मन नाहीतर हंगेरियनमध्ये, त्यामुळे डिक्शनरी शेजारी उघडी ठेवूनच बसायचं.

आधी क आणि ह, म्हणजे फिनिशमधल्या क च्या जागी हंगेरियनमध्ये ह. मासा फिनिशमध्ये काला, हंगेरियनमध्ये हॉल. तीन म्हणजे कोल्मे, तिकडे हारोम. पण पुढे अॅ-इ सारखा स्वर असला की क जागचा हलत नाही, म्हणून हात कॅसी आणि केज. मान्सीत पण सेम, फक्त ह ऐवजी ख: मासा खूल, तीन खूरूम आणि हाताला कात. हे बघून वाटतं की हंगेरियन आणि मान्सी एकत्र होत्या तेव्हाच हा बदल झाला असणार, पण थांबा, त्यांच्याच जवळची खांती भाषा आहे ना, तिच्या पूर्वेकडच्या वाख नदीवरच्या बोलीत मासा अजूनही कुल आहे! म्हणजे बदल नंतर पसरला किंवा दोघींनी आपापला केला. प चा फ तर फक्त हंगेरियनचा उद्योग, मुलगा फिनिश पोइका, मान्सी पिग, हंगेरियन फियू. हंगेरियन सुमेरियनमधून आली म्हणणाऱ्यांनी असा एक तरी नियम दाखवावा, नुसते सारखे दिसणारे शब्द कोणीही गोळा करतं.

बाय द वे, मान्सीचं जुनं साहित्य आपल्या हाती लागलं ते रेगुली आंताल या हंगेरियन संशोधकामुळे. 1840 च्या दशकात हा माणूस एकटा उरालच्या पलीकडे जाऊन गाणी उतरवून आला, पण ती भाषा इतकी जुनाट की त्यातलं बरंचसं उलगडायच्या आत 1858 मध्ये तो गेलाच. मग 1888 मध्ये मुंकाची बेर्नात हा हंगेरियन भाषातज्ज्ञ त्या वह्यांचा मजकूर घेऊन परत मान्सी लोकांकडे गेला आणि त्यांच्याकडूनच अर्थ लावून घेतला. फील्डवर्क म्हणावं तर हे.

आता इंडो-इराणी उसनवारीचं, म्हणजे संस्कृत-इराणीच्या घराण्यातून उरालिक भाषांत गेलेल्या शब्दांचं काम काढलंय. शंभर म्हणजे फिनिश साता, हंगेरियन साज, आपलं शत. मध म्हणजे मेसी (प्रत्यय लागताना मेते-) आणि मेज, आपलं मधु. गंमत म्हणजे हे पाहुणे शब्दही कॅसी (कॅते-) आणि केज सारखेच वागतात, दोन स्वरांमधल्या त चा हंगेरियनमध्ये ज, म्हणजे तो बदल व्हायच्या आधीच घरात आलेले. आणि मान्सीत सात ला काय म्हणतात माहितीये? सात! हाही बहुतेक तिकडूनच घेतलेला, सप्त च्या घराण्यातला, पण त्यातला प त्यांनी त्यांचा घालवला आणि आपण आपला. हंगेरियनमध्ये त्याचंच हेत झालं, तिथला सुरुवातीचा स कसा गेला हे पुढच्या वेळी टाकतो, कोणाकडे खांतीचे आकडे बोलीवार असतील तर प्लीज पाठवा.