ग्रेहाउंड घरी आणताना: शेफील्डमधला माझा अनुभव

ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीत धावणारा कुत्रा, आणलाय म्हटलं की इथल्या आपल्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले. "चावत नाही ना?" आणि "रोज किती पळवावं लागतं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही. दुसऱ्याच्या उत्तरावर कुणाचा विश्वास बसत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास फिरणं, मनात आलंच तर अंगणात दोन सुसाट चकरा, आणि उरलेला दिवस सोफ्यावर पाय वर करून झोप. ताशी साठ-पासष्ट किलोमीटरने धावणारं जनावर आहे हे खरं, पण ते धावणं अर्ध्या मिनिटात आटोपतं. दिवसाचे सोळा-अठरा तास झोपणारा कुत्रा नोकरदार माणसांना किती सोयीचा असतो, हे सांगायला कुणी येत नाही.

आम्हाला कुत्रा हवा होता, पिल्लू नको होतं. दोघांच्या नोकऱ्या, मुलाचं जीसीएसईचं, म्हणजे इथल्या दहावीचं वर्ष. बूट कुरतडणारं, रात्री उठवणारं पिल्लू सांभाळायची ताकद कुणातच नव्हती. शेफील्डमध्ये आउलरटनला ग्रेहाउंडच्या शर्यतींचं स्टेडियम आहे. आमच्या भागातल्या बागेत सकाळी कोट घातलेले, हडकुळे, अतिशय सभ्य कुत्रे दिसायचे, ते त्या शर्यतींतून निवृत्त झालेले असतात हे हळूहळू कळलं.

ब्रिटनमध्ये यांत्रिक सशामागे कुत्रे पळवायची सुरुवात १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर झाली. एका शर्यतीत सहा कुत्रे, एक नंबरचं जाकीट लाल, दोनचं निळं, तीनचं पांढरं, असे ठरलेले रंग. यातले बहुतेक कुत्रे जन्मतात आयर्लंडमध्ये. तीन ते पाच वर्षांचे झाले की, किंवा त्याआधी दुखापत झाली की, त्यांचं काम संपतं. आयुष्य मात्र बारा-चौदा वर्षांचं. म्हणजे उरलेल्या निदान सात-आठ वर्षांचं काय, हा प्रश्न शर्यतीइतकाच जुना आहे. त्यासाठीच १९७५ साली तेव्हाचा रिटायर्ड ग्रेहाउंड ट्रस्ट, म्हणजे आताचा ग्रेहाउंड ट्रस्ट, उभा राहिला. शिवाय गावोगावी छोट्या संस्था आहेत. २०२० पासून शर्यतीच्या नियामक मंडळाने अनामत रक्कम सुरू केली: कुत्र्याची नोंदणी होतानाच पैसे, सुरुवातीला ४०० पौंड, बाजूला ठेवायचे, निम्मे मालकाचे, निम्मे मंडळाचे, आणि निवृत्तीनंतर ते त्याला सांभाळणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेला मिळतात. केनेलवर, म्हणजे संस्था कुत्रे ठेवते त्या जागी, एका कार्यकर्तीला याबद्दल विचारलं तर ती नुसती हसली. एका मोडक्या पायाच्या आणि सडक्या दातांच्या कुत्र्यावर याहून कितीतरी जास्त खर्च होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये वेल्सच्या सरकारने या शर्यतींवर बंदी आणणार असल्याचं जाहीर केलं. इंग्लंडमध्ये शर्यती चालूच आहेत, म्हणून केनेलही भरलेली असतात.

आम्ही गेलो ती संस्था लहान, बहुतेक सगळी कामं स्वयंसेवकांवर चालणारी. आधी फॉर्म. घर स्वतःचं की भाड्याचं, कुंपण किती उंच, घरात कोण कोण, दिवसातले किती तास कुत्रा एकटा राहील, आधी कुत्रा पाळलाय का, सुट्टीत बाहेर जाता तेव्हा काय कराल, नोकरी गेली तर काय कराल. नवरा म्हणाला, मुलगी द्यायला निघालेत जणू. माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी आम्ही मुलीकडच्यांना याच्या निम्म्याही चौकशा केल्या नव्हत्या. एकटं ठेवायची मर्यादा त्यांनी चार तास सांगितली. नवऱ्याचं घरून काम नसतं तर आमचा फॉर्म तिथेच बाजूला पडला असता.

मग घराची पाहणी. सत्तरीच्या एक बाई आल्या, चहा नको म्हणाल्या आणि थेट मागच्या अंगणात गेल्या. खिशातून टेप काढून कुंपण मोजलं. पाच फूट भरलं. मग प्रत्येक फळीला खालून बुटाच्या टोकाने ढोसत पूर्ण फेरी मारली. एक फळी हलली. "ही आधी ठोका, मग बोलू." आत आल्यावर जिना पाहिला, काचेचं सरकतं दार पाहिलं आणि देव्हाऱ्यापाशी थांबल्या. आमचा देव्हारा जमिनीलगतच्या चौरंगावर असतो, पुढे समई. त्यांनी हाताने हवेत शेपटीची उंची दाखवली आणि समईच्या वातीकडे बोट केलं. ग्रेहाउंडची शेपटी लांब आणि हाडावर कातडं एवढीच. खूश झाला की भिंतीवर आपटून रक्त काढतो. त्या संध्याकाळी देव्हारा कपाटाच्या वरच्या खणात गेला.

जाताना त्यांनी फ्रिजवर लावायला एक कागद दिला. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, झायलिटॉल (बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये असतं ते): यातलं काहीही पोटात जाता कामा नये. शिऱ्यातले बेदाणे चालत नाहीत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "म्हणजे कुत्र्याला बारा महिने चातुर्मास," असं आईने व्हिडिओ कॉलवर जाहीर करून टाकलं.

यानंतर केनेलवर बोलावणं आलं आणि इथे आमचा खरा हिरमोड झाला. दाराशीच एक मोठा चट्ट्यापट्ट्यांचा कुत्रा होता. त्याने नवऱ्याच्या मांडीला सगळं अंग टेकवलं आणि तसाच उभा राहिला. असं रेलणं ही ग्रेहाउंडची माया करायची रीत. नवरा जागच्या जागी विरघळला. आम्ही म्हटलं, हाच. कार्यकर्ती म्हणाली, हा नाही. शेजारच्यांची मांजर आमच्या भिंतीवर बसते हे आम्हीच फॉर्ममध्ये लिहिलं होतं. प्रत्येक कुत्र्याला मुसकं घालून लहान कुत्र्यांजवळ आणि मांजरीजवळ नेऊन बघतात. काही नजर वळवतात, काही जरा शिकवलं की ऐकतात, काही मात्र थिजल्यासारखे एकटक बघत राहतात. हा तिसऱ्या प्रकारातला होता. आम्ही बरंच काही बोलून पाहिलं. ती फक्त मान हलवत राहिली.

मला राग आला होता, लपवत नाही. इतके कुत्रे जागेची वाट बघताहेत आणि तयार घराला नाही म्हणतात! पण जितका विचार केला तितकं पटत गेलं की कुत्र्याला वाचवण्याचं काम असल्या 'नाही'मध्येच असतं. चुकीच्या घरी दिलेला कुत्रा महिन्याभरात परत येतो, आणि परत आलेल्या कुत्र्याला पुढचं घर मिळणं आणखी अवघड होतं. पसंती आपण करायची असते असं आपण धरून चालतो. इथे कुत्र्याच्या वतीने पसंती करणारं कुणीतरी असतं.

त्यांनी आमच्यासाठी नेल काढून आणली. चार वर्षांची, काळीभोर, हनुवटी पिकलेली. दोन्ही कानांत आत हिरवट अक्षरं गोंदलेली, म्हणजे जन्म आयर्लंडचा. उजव्या मागच्या पायाचा घोटा जाड. ट्रॅकवर कुत्रे नेहमी डावीकडे वळत धावतात, वळणावर सगळा भार उजव्या मागच्या पायावर येतो, आणि तो घोटा मोडणं ही या धंद्यातली नेहमीची दुखापत. ती आमच्याकडे आलीही नाही. अंतर राखून उभी राहिली, आणि मुलगा गुडघ्यावर बसला तेव्हा त्याच्या बाहीचा वास घेऊन पुन्हा मागे सरली. आम्ही तिला केनेलमागच्या गल्लीत फिरवून आणलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा फिरवलं. मग कागद झाले.

करारात एक कलम ठळक अक्षरांत होतं: काहीही कारणाने सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही, विकायचा नाही, संस्थेकडेच परत आणायचा. नसबंदी, लसी आणि दातांची सफाई संस्थेने आधीच केली होती. शर्यतीच्या केनेलमधल्या मऊ खाण्याने यांचे दात लवकर खराब होतात; नेलचे सात दात काढावे लागले होते. मायक्रोचिपवर आमचं नाव चढलं. गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता असलेला बिल्ला इथे कायद्यानेच लागतो. गळपट्टाही वेगळा, चांगला रुंद, कारण यांचं डोकं मानेपेक्षा अरुंद. साध्या पट्ट्यातून मागच्या मागे निसटतात. आणि मोकळं सोडायचं नाही, ही सगळ्यात कडक सूचना. खार दिसली की कान बंद होतात, आणि तुम्ही हाक पुरी करेपर्यंत कुत्रा रस्त्यापलीकडे असतो.

घर म्हणजे काय हे नेलला माहीतच नव्हतं. जिना तिने कधी पाहिला नव्हता. काचेचं दार म्हणजे मोकळी वाट, म्हणून आम्ही काचेवर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. ओव्हनच्या दारात दिसणाऱ्या काळ्या कुत्र्यावर ती भुंकली, नेलचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला तो तेव्हा. जिना मुलाने शिकवला. तो पुढे बसायचा, मी मागून आधार द्यायची, आणि एकेक पाय हाताने उचलून पायरीवर ठेवायचा. चढणं पटकन जमलं. उतरायचं म्हटलं की वरच्या पायरीवर थरथरत उभी. शेवटी चिकनच्या तुकड्याने काम केलं, माझ्या लाडीगोडीने नाही.

फिरायला नेलं की मध्येच पुतळा व्हायची. फुटपाथवर चारही पाय रोवून उभी, ओढलं तर आणखी घट्ट. संस्थेला फोन केला तर म्हणाले, ओढू नका, थांबा, मग तिला एका बाजूला अर्धगोल वळवा. जमलं. झोपेत हात लावायचा नाही, आधी नावाने हाक मारायची, हेही त्यांनीच बजावलेलं. उघड्या डोळ्यांनी झोपते, त्यामुळे जागी आहे असं वाटतं. दचकून उठली तर गुरगुरते, आणि मग स्वतःच ओशाळते.

सगळ्यात अवघड गेलं ते एकटं राहणं. ही जन्मापासून दुसऱ्या कुत्र्याच्या संगतीत झोपलेली. आम्ही दार ओढलं की ती असं काही रडायची की शेजाऱ्यांनी दोनदा चिठ्ठी टाकली. संस्थेचा उपाय कंटाळवाणा होता: एक मिनिट बाहेर जा, परत या, काही बोलू नका, मग दोन मिनिटं, मग पाच. नवरा कोट घालून, किल्ल्या वाजवून, कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाऊन परत यायचा. कितीदा ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. पाऊण तासापर्यंत पोचायला उन्हाळा उजाडला.

आईला मात्र वेगळीच काळजी. "अगं, बरगड्या दिसतायत तिच्या. खायला घालतेस ना?" शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत, असं डॉक्टरांनीच सांगितलंय, हे तिला मान्य नाही. पण नेलला नीट पाहिल्यावर ती म्हणाली, "ही तर मामाच्या मोत्यासारखी दिसते." जतजवळ मामाकडे कारवानी कुत्रा होता, तीच खोल छाती, तेच आत गेलेलं पोट, तीच लांब तोंडाची ठेवण. दोघेही नजरेने शिकार हेरणाऱ्या जातीचे. तेव्हापासून आईचा विरोध मावळला.

डॉक्टर निवडताना ग्रेहाउंड पाहिलेले निवडा, एवढा सल्ला मात्र मी ज्याला त्याला देते. यांचं थायरॉइडचं प्रमाण मुळातच कमी असतं आणि तांबड्या पेशी जास्त असतात. माहिती नसलेला डॉक्टर रिपोर्ट बघून नसलेला आजार शोधून काढू शकतो. भुलीच्या काही औषधांतून यांना शुद्धीवर यायला वेळ लागतो. कातडं इतकं पातळ की काटेरी झुडपाने फाटतं. अंगावर चरबी नाही, म्हणून थंडीत कोट लागतोच, आणि शेफील्डची थंडी मे महिन्यातही असते.

फटाक्यांचा काळ वाईट. दिवाळी आणि पाच नोव्हेंबरची गाय फॉक्स नाइट बहुधा पाठोपाठच येतात, त्यामुळे दोन-तीन आठवडे दर संध्याकाळी कुठे ना कुठे वाजतच असतं. जिन्याखालच्या जागेत जुन्या गोधड्या घालून तिला गुहा करून दिली आहे. आम्ही फराळ करतो, ती तिथे बसते.

आता इथली दोन मराठी घरं आमच्यामुळे संस्थेच्या यादीत आहेत. त्यातल्या एकांना भाड्याच्या घरासाठी मालकाचं पत्र मिळता मिळेना, तिथेच गाडं अडलंय. दुसऱ्यांचा प्रश्न तोच, जो सगळे विचारतात: भारतात महिनाभर जाता तेव्हा काय करता? आमची संस्था आपण दिलेल्या कुत्र्यांना सुट्टीपुरतं परत ठेवून घेते, माफक पैशांत. फक्त डिसेंबरच्या जागा जूनमध्येच भरतात. म्हणून आता आधी नेलची जागा पक्की करतो आणि मग मुंबईची तिकिटं बघतो.