राज्यपालांचा मुक्काम आणि राखीव वीस मिनिटं

राजभवनातून दौऱ्याचा कार्यक्रम आला की जिल्हाधिकारी कार्यालयातल्या राजशिष्टाचार शाखेची नजर आधी एका ओळीवर जाते : ‘शासकीय विश्रामगृह येथे आगमन व राखीव’. समारंभाचं सगळं मिनिटामिनिटाला बांधलेलं असतं. राखीव वेळेत कोण भेटणार, किती जण, कुठला कागद घेऊन, हे मात्र शेवटपर्यंत हलतं असतं. मी या शाखेचं काम बघत असताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राज्यपालांचा एक रात्रीचा मुक्काम ठरला. दुपारी विद्यार्थ्यांचा समारंभ, संध्याकाळी राखीव, त्यात शिष्टमंडळांसाठी वीस मिनिटं. कशेडीचा बोगदा व्हायच्या आधीची ही गोष्ट.

मुक्काम विश्रामगृहात, कारण दुसरी सोय नाही. महाराष्ट्रात राजभवनं (२०२५ च्या अखेरीपासून त्यांचं नाव लोकभवन) चार : मुंबई, पुणे, नागपूर आणि महाबळेश्वर. इंग्रजी अमदानीत गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला गणेशखिंडीत राहायचा. त्या गणेशखिंडीच्या वाड्यात आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मुंबईच्या खाली किनाऱ्यावर कुठेच राजभवन नाही. बाणकोट १७५६ पासून मुंबईकर इंग्रजांकडे होतं, म्हणजे देशावर पेशवाई नांदत असताना कोकणातला हा तुकडा मुंबईच्या गव्हर्नरच्या कारभाराखाली होता, तरीही.

विश्रामगृह म्हटलं की ध्वजाचा प्रश्न येतो आणि तिथे ध्वजसंहिता अगदी नेमकी आहे. राज्यपाल मुख्यालयाबाहेर जिथे मुक्कामाला असतील त्या इमारतीवर राष्ट्रध्वज लागतो, पण आदल्या दिवशी नाही आणि सकाळपासूनही नाही. त्यांची गाडी मुख्य फाटकातून आत शिरते त्या क्षणी तो चढवायचा आणि मुक्काम सोडून ते निघाले की लगेच उतरवायचा. म्हणजे फाटकावर एक माणूस, काठीपाशी दोघं आणि मधे खूण देणारा एक. काठीची दोरी आणि कप्पी आदल्या दिवशी ओढून बघावी लागते, कारण खाऱ्या हवेत कप्पी गंजून अडकते. मोटारीवरचा ध्वज २२५ बाय १५० मिलिमीटरचा. गाडीत राज्यपाल नसतील तेव्हा त्यावर गवसणी. रिकाम्या गाडीवर ध्वज फडकताना दिसला तर ती गंभीर चूक मानली जाते, आणि मानलीच पाहिजे.

हेलिपॅड गावाबाहेरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, केलं होतं. जांभ्याचा कातळ असल्यामुळे जमीन पक्की, पण वरचं वाळलेलं गवत आणि लाल धूळ हा मोठा त्रास. गवत नुसतं कापून चालत नाही, उचलून लांब न्यावं लागतं. नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने तेच उडून हेलिकॉप्टरवर येतं. पाणी साधारण तासभर आधी मारायचं. फार आधी मारलं तर वाळून जातं, उतरायच्या तोंडावर मारलं तर राड होते. चुन्याने वर्तुळ आणि मधे ‘एच’, कडेला वाऱ्याची पिशवी, अग्निशमन बंब आणि राज्यपालांच्या रक्तगटाचं रक्त ठेवलेली रुग्णवाहिका. सगळं तयार झालं आणि जानेवारीतल्या त्या सकाळी आभाळ भरून आलं. खाली धुकं, वर ढग. उडायचं की नाही हे पायलट ठरवतो, त्यात कुणी बोलायचं नसतं. साडेनऊला निरोप आला : मोटारीने.

रस्त्याचा कार्यक्रम हवाई कार्यक्रमाबरोबरच तयार ठेवलेला असतो, त्यामुळे धांदल झाली तरी गोंधळ झाला नाही. रायगड पोलिसांनी कशेडी घाटात, पोलादपूर आणि खेडच्या हद्दीवर, ताफा आमच्या जिल्ह्याकडे दिला. हेलिपॅडवरचा बंब आणि रुग्णवाहिका घाटाकडे वळवल्या. घाटात ट्रक अडकला तर काय, म्हणून क्रेन आधीच उभी होती. समारंभ चार तास पुढे गेला.

समारंभाबद्दल दोनच गोष्टी. व्यासपीठावरच्या खुर्च्या विषम संख्येत लागतात, कारण राज्यपाल बरोबर मधोमध बसतात. ऐनवेळी एक पाहुणा वाढला तर दुसरा वाढवावा लागतो, नाहीतर एकाला समोरच्या रांगेत मानाने बसवावं लागतं. मानाच्या क्रमाचं कोष्टक केंद्राचं असतं. त्यात आपापल्या राज्यात राज्यपाल चौथे, म्हणजे राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधानांच्या लगेच खाली, आणि मुख्यमंत्री सातव्या स्थानी. दुसरी गोष्ट राष्ट्रगीताची. राज्यपाल आल्यावर आणि जाताना ते पूर्ण वाजतं, सुमारे ५२ सेकंद. पोलीस बँड हजर असताना ध्वनिमुद्रिकेची तार आम्ही काढूनच ठेवतो, कारण दोन्ही एकदम सुरू झाल्यावर सगळ्यांची होणारी कुचंबणा फार वाईट असते.

ताफा विश्रामगृहाच्या फाटकातून आत आला तेव्हा सूर्यास्ताला पंधरा-वीस मिनिटं होती. ध्वज चढला, आणि सूर्यास्ताला नियमाप्रमाणे उतरला. एवढ्या थोड्या वेळासाठी कशाला, असं कुणीतरी म्हणालं. मला ते पटलं नाही. नियम त्या वेळेपुरताच आहे आणि तेवढ्यासाठी तो पाळायचा असतो.

दुपारपासून विश्रामगृहाच्या व्हरांड्यात माणसं बसली होती. खरं काम इथे होतं. शिष्टमंडळांची यादी, प्रत्येकी चार-पाच जण, विषय आणि नावं एडीसींना, म्हणजे राज्यपालांच्या परिसहायकांना, द्यायची. प्रवासामुळे वीस मिनिटांची बारा झाली होती. इतक्या थोड्या वेळात माणूस भलत्याच मागणीचा कागद घेऊन आत गेला तर त्याचा दिवस फुकट जातो, म्हणून निवेदनं आधी वाचून बघायची पद्धत आम्ही ठेवली होती.

पहिला कागद आंबा बागायतदारांचा. ज्या ढगांनी हेलिकॉप्टर अडवलं त्याच ढगांनी यांचा हापूस धोक्यात आणला होता. मोहोर फुललेला असताना ढगाळ, दमट हवा टिकली की तुडतुडा ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग, दोन्ही एकदम येतात आणि मोहोर काळा पडून गळतो. त्यांची तक्रार फळपीक विम्याची होती. हवामानावर आधारलेल्या या विम्यात भरपाई झाडाकडे बघून ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. केंद्र खाली गावात, बागा वर सड्यावर. दोन्हीकडचं तापमान आणि ओल वेगळी. राज्यपालांनी विमा कंपनीला आदेश द्यावा, अशी मागणी होती.

मी म्हटलं, “अण्णा, हे त्यांना करता येणार नाही.”

त्यांनी पिशवीतून योजनेचा शासन निर्णय काढला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. “असं कसं साहेब? हे बघा ना, खाली त्यांचंच नाव हाय.”

तिथे छापलेलं होतं : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’.

प्रश्न रास्त होता. सरकारी नोकरीत असा निर्णय रोज हातात येतो आणि त्या ओळीकडे कुणी बघत नाही. बाहेरचा माणूस मात्र ती वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. मी त्यांना सांगितलं ते असं. संविधानाच्या अनुच्छेद १५४ ने राज्याची कार्यकारी सत्ता राज्यपालांकडे ठेवली आहे आणि १६६ ने सरकारचं सगळं काम त्यांच्या नावाने चालतं. पण १६३ प्रमाणे ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात आणि १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. विम्याचा निर्णय कृषी विभागाचा, त्याखाली सही विभागाच्या अधिकाऱ्याची. तो बदलायचा तर विभागाकडे आणि मंत्र्यांकडे जायचं. राज्यपाल निवडून आलेले नसतात. संविधान सभेपुढच्या मसुद्यात निवडणुकीचा विचार होता. १९४९ मध्ये तो सोडून राष्ट्रपतींनी नेमण्याची पद्धत स्वीकारली, कारण लोकांनी निवडलेले मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेले राज्यपाल अशी दोन सत्ताकेंद्रं एका राज्यात नको होती.

“मग त्यांचं सोताचं काय?” त्यांनी विचारलं.

त्यांचं स्वतःचंही आहे, आणि बागायतदारांच्या कामाचं आहे. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचे कुलपती राज्यपाल असतात, १९८३ च्या कायद्याने. त्यातलं कोकणचं विद्यापीठ १९७२ पासून दापोलीला आहे. तेव्हा आम्ही कागदाचे दोन केले. विम्याची मागणी, मंडळाचं आणि केंद्राचं नाव, बागेचे गट क्रमांक आणि मोहोराचे तारखेसह फोटो जोडून कृषी विभागाकडे. कुलपतींकडे वेगळं, एका पानाचं : सडा आणि सखल भाग यांच्या हवेतल्या फरकाच्या नोंदी विद्यापीठाने घ्याव्यात आणि त्याप्रमाणे फवारणीचं वेळापत्रक द्यावं. अशा नोंदी विद्यापीठाच्या नावाने झाल्या तर उद्या विम्याच्या भांडणातही त्या पुरावा म्हणून उभ्या राहतात. आत हे शिष्टमंडळ तीन मिनिटांत बोलून बाहेर आलं.

दुसरं निवेदन किनाऱ्यावरच्या वाडीचं, धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी. अनुच्छेद ३७१ (२) खाली प्रादेशिक निधीच्या वाटपाबाबत महाराष्ट्राच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी टाकता येते, त्यातून १९९४ मध्ये विकास मंडळं झाली. कोकण मात्र ‘उर्वरित महाराष्ट्र’ मंडळात गेलं, आणि एका वाडीचा बंधारा अशा वाटपात बसत नाही. बंदरं आणि किनाऱ्याची कामं बघणाऱ्या पत्तन अभियंत्यांकडे पाठवण्याची टिपणी लिहून तो कागद घेतला.

तिसरी एक म्हातारी बाई. बरोबर तिचा भाचा. मुलगा जन्मठेपेत. कोऱ्या कागदावर चार ओळी : माझ्या मुलाला माफी द्यावी. यादीत तिचं नाव नव्हतं. एडीसींना विचारून तिला शेवटी दोन मिनिटं मिळवली, कारण व्हरांड्यातल्या सगळ्या कागदांत राज्यपालांच्याच नावाने लिहिला जायला हवा असा हाच एक होता. अनुच्छेद १६१ : शिक्षा माफ करणं, कमी करणं, स्थगित करणं. याही अधिकारात मंत्रिमंडळाचा सल्ला लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केलं आहे. पण सही राज्यपालांची असते.

या सहीचा इतिहास रत्नागिरीइतका थोड्याच गावांना ठाऊक असेल. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ पासून मरेपर्यंत इथे नजरकैदेत होता आणि सरकारकडे अर्ज करत राहिला. सावरकर १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते, मुंबई सरकारच्या अटींवर. तेव्हाचा गव्हर्नर इथल्या जनतेला जबाबदार नव्हता. आजचे राज्यपाल उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींपुढे शपथ घेतात आणि त्या शपथेत राज्याच्या जनतेची सेवा आणि कल्याण यांना वाहून घेण्याचं वचन असतं. त्या बाईला एक शब्दही यातला माहीत नव्हता, पण ती योग्य दारात आली होती.

योग्य दारात आलेला अर्जही वाटेत अडकतो आणि बहुतेक वेळा कारण साधं असतं : कैद्याचा बंदी क्रमांक नाही, खटल्याचा क्रमांक नाही, कोणत्या न्यायालयाने कधी शिक्षा दिली ते नाही, आणि अपील चालू आहे की संपलं ते नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. नौदलाचे कमांडर नानावटी यांची शिक्षा राज्यपाल श्रीप्रकाश यांनी १९६० मध्ये स्थगित केली, तेव्हा प्रकरण वरच्या न्यायालयापुढे असताना तसा आदेश टिकणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. अपील संपल्यावर, १९६४ मध्ये, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली. अधिकार एकच, वेळ वेगळी.

आत काय बोलणं झालं ते मला सांगता येणार नाही. बाई बाहेर आल्यावर भाच्याला बसवून आम्ही अर्ज नव्याने लिहून दिला. अपील उच्च न्यायालयात फेटाळलं गेलं होतं. त्या निकालाची प्रत गावच्या वकिलाकडून आणायला सांगितली. पुढची वाटही कागदावर उतरवून दिली : मूळ अर्ज कारागृह अधीक्षकांमार्फत, कारण वर्तणुकीचा अहवाल तिथूनच लागतो, मग पोलीस, जिल्हा दंडाधिकारी आणि शिक्षा देणारं न्यायालय यांची मतं, मग गृह विभाग, मंत्रिमंडळाचा सल्ला आणि शेवटी राजभवन. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचं मत मागवणारं पत्र आमच्याच कार्यालयात येणार होतं. म्हणून त्या अर्जाची एक प्रत आमच्या आवक नोंदवहीत चढवली, क्रमांक पोचपावतीवर घातला आणि भाच्याला बजावलं : पत्ता बदलला तर कळवा, आणि ही पावती हरवू नका.